वाचकांचे प्रश्न : उडी घेण्याआधी उतरायला शिका

२० जुलैचा जागतिक उडी दिन जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. एरवी गुडघे, टाचा आणि कंबर यांची गाऱ्हाणी असतात. या दिवसांत मात्र पृथ्वी, चंद्र आणि हत्ती येतात. मी ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवले. त्यातला फार मोठा वेळ लांब उडीच्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून, मुलं वाळूत कशी उतरतात ते बघण्यात गेला. म्हणून ही पत्रं मी सगळ्यांत आधी उघडते. या खेपेला सात पत्रांना उत्तरं देते आहे. कुणाचं नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, जगभरच्या लोकांनी २० जुलैला एकाच क्षणी उडी मारली तर पृथ्वी आपल्या कक्षेतून सरकेल, असं एका जर्मन प्राध्यापकाने सिद्ध केलंय म्हणे. आमच्या मित्रमंडळात यावरून दोन तट पडलेत. खरं काय ते सांगा.

उत्तर : तो प्राध्यापक कधी अस्तित्वातच नव्हता. २००६ साली तोर्स्टन लाउशमान या जर्मन कलाकाराने ही सगळी कल्पना रचली. म्युनिकमधला एक प्राध्यापक उभा केला, त्याला हान्स पेटर नीसवार्ड असं नाव दिलं, आणि त्याच्या तोंडून जगाला आवाहन केलं : २० जुलै २००६ रोजी, ग्रीनिच वेळेप्रमाणे ११ वाजून ३९ मिनिटं १३ सेकंदांनी, ६० कोटी माणसांनी एकदम उडी मारा. म्हणजे पृथ्वी सूर्यापासून थोडी लांब सरकेल, तापमानवाढ थांबेल, दिवस मोठा होईल. क्षण नेमून दिलेला, आकडा मोठा आणि करायचं काम अगदी सोपं. लोकांनी विश्वास ठेवला यात मला नवल वाटत नाही. एवढ्या मोठ्या संकटावर आपल्या दोन पायांनी काही करता येईल, ही आशाच लोभस आहे.

आता तुमच्या दोन तटांकडे येते. 'पृथ्वी जागची हलतच नाही' म्हणणारेही चुकतात आणि 'कक्षा बदलते' म्हणणारेही चुकतात.

तुम्ही उडी मारता म्हणजे पायांनी पृथ्वीला खाली ढकलता. तुम्ही वर जाता, ती खाली जाते. किती जाते याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. माणसाचं वजन सरासरी ६० किलो धरू. ६० कोटी माणसांचं मिळून ३६ अब्ज किलो झालं. पृथ्वीचं वस्तुमान आहे ६ वर २४ शून्यं, इतके किलो. सगळी माणसं एकाच जागी दाटीने उभी आहेत आणि प्रत्येक जण ३० सेंटीमीटर उंच उडाला असं धरलं, तर पृथ्वी साधारण एका प्रोटॉनच्या रुंदीएवढी खाली सरकते. अणू नव्हे, त्याच्या पोटातला प्रोटॉन. आणि माणसं खाली यायला लागली की तीही परत वर येते. पाय टेकले त्या क्षणी दोघंही होते तिथे.

नावेत बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. स्थिर पाण्यात नावेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाला, नाव उलट्या दिशेने सरकते. परत या, तीही परत येते. नावेतल्या नावेत कितीही फेऱ्या घातल्या तरी काठ गाठता येत नाही. आपण सगळे पृथ्वी नावाच्या नावेतच उभे आहोत, त्यामुळे आपल्या उड्यांनी तिची कक्षा बदलणार नाही. शिवाय खऱ्या आयुष्यात माणसं गोलाच्या सगळ्या बाजूंना पसरलेली आहेत. इकडच्यांचा धक्का तिकडच्यांच्या धक्क्याने बराचसा फिटून जातो.

पण मुलांना सांगताना 'काही होत नाही' एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका मुलाने एकट्याने उडी मारली तरी पृथ्वी त्याच्या उडीला उत्तर देते. ते उत्तर मोजता येणार नाही इतकं बारीक असतं, पण असतं. वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मुलं आधी गप्प व्हायची, मग एकेक करून जागच्या जागी उडून बघायची, आणि उतरल्यावर पायाखाली बघायची.

लाउशमानच्या आधी पाच वर्षं, ७ सप्टेंबर २००१ला, ब्रिटनमध्ये सुमारे १० लाख शाळकरी मुलांनी एकाच वेळी एक मिनिटभर उड्या मारल्या होत्या. तिथे कुणी कुणाला फसवलं नव्हतं. विज्ञानाच्या वर्षाची ती सुरुवात होती आणि जमीन किती थरथरते ते भूकंपमापकांवर बघायचं होतं. भूकंप झाला नाही. पण भूकंपमापक म्हणजे काय हे त्या दिवशी त्या मुलांना पायांतून कळलं असणार. तुमच्या गटाला २० जुलै साजरा करायचाच असेल तर असा करा.

प्रश्न : बाई, मी पाचवीत आहे. पृथ्वी एवढ्या जोरात फिरते, तर मी उडी मारल्यावर ती माझ्या खालून पुढे का निघून जात नाही? मी परत त्याच फरशीवर कसा येतो? मी वीस वेळा करून बघितलं.

उत्तर : वीस वेळा करून बघितलंस, यासाठी आधी शाबासकी. विचारून मोकळी होणारी मुलं पुष्कळ असतात, करून बघणारी थोडी.

तू ३० सेंटीमीटर उंच उडालास तर जेमतेम अर्धा सेकंद हवेत असतोस. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला साधारण ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जाते. म्हणजे तुझ्या अर्ध्या सेकंदात ती दोनशे तीस मीटर पुढे जायला हवी आणि तू मागच्या भिंतीवर आदळायला हवास. तसं होत नाही, कारण तो वेग जमिनीचा आहे तसाच तुझाही आहे. पाय उचललेस म्हणून तो वेग तुझ्या अंगातून गळून पडत नाही. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत बसून चेंडू वर फेक. तो मागच्या प्रवाशाच्या मांडीवर जात नाही, तुझ्याच हातात येतो. चेंडूही गाडीच्याच वेगाने निघालेला असतो.

आता तुझ्यासारख्या बारकाईने बघणाऱ्यासाठी आणखी थोडं. अगदी काटेकोर बोलायचं तर तू तंतोतंत त्याच बिंदूवर उतरत नाहीस. विषुववृत्तावर सरळ उभी उडी मारलीस तर किंचित पश्चिमेला उतरतोस. वर गेल्यावर तू पृथ्वीच्या मध्यापासून जरासा लांब जातोस आणि तेवढ्यापुरता मागे पडतोस. पण हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. पावलं ठेवताना आपण याच्या शेकडो पट चुकतो, म्हणून तो फरशीवर दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला दिसेल. कुणाला तरी तुझी उडी फोनवर सावकाश गतीने टिपायला सांग. हवेतल्या वेळापैकी निम्मा वेळ तू उडीच्या अगदी वरच्या पाव भागात असतोस. वर जाताना वेग कमी कमी होत जातो, टोकाला तो शून्य होतो, मग हळूहळू वाढतो. चांगले खेळाडू हवेत 'थांबल्यासारखे' वाटतात ते यामुळेच. चंद्रावर ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच आहे, तिथे हे आणखी छान दिसतं. एप्रिल १९७२मध्ये अपोलो १६ मोहिमेतल्या जॉन यंग यांनी चंद्रावर झेंड्याला सलाम करताना उडी मारली होती. अंगावर जडशीळ पोशाख आणि पाठीवर यंत्रांचं ओझं असताना ते जवळजवळ दीड सेकंद अधांतरी होते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेत २० जुलैला सगळी मुलं मिळून उड्या मारणार आहेत. ती म्हणते, मी त्या दिवशी घरीच राहीन. पायरीवरूनसुद्धा ती उडी मारत नाही, एकेक पाय खाली ठेवते. लहानपणी एकदा तोंडावर पडली होती, तेव्हापासून हे आहे. बाकी हुशार आहे, अभ्यासात पुढे आहे. मी तिला ढकलावं की सोडून द्यावं?

उत्तर : दोन्ही करू नका. तिला उतरायला शिकवा.

माझ्या सगळ्या वर्षांत उडी घ्यायची भीती असलेलं मूल मला फार क्वचित भेटलं. भीती असते ती खाली येण्याची. वर जाणं आपल्या हातात असतं, खाली येणं नसतं, असं त्या मुलाला वाटतं. त्याचं चूकही नसतं. खाली कसं यायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आपण मुलांना 'मार उडी, मार!' एवढंच ओरडून सांगतो.

माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती, अकरा वर्षांची. लांब उडीची रांग लागली की ती हळूच मागे सरकत शेवटी जायची आणि तास संपेपर्यंत तिची पाळीच यायची नाही. ही हुशारी माझ्या लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, याची बोच मला अजून आहे. मग मी तिला रांगेतून काढलं आणि मैदानाच्या कडेला एका बुटक्या पायरीजवळ नेलं. पायरी वीतभरही उंच नव्हती. तिला म्हटलं, 'आज उडी मारायची नाही. आज फक्त आवाज ऐकायचा.' मी स्वतः त्या पायरीवरून दोनदा खाली उतरले. पहिल्यांदा पाय ताठ ठेवून, टाचांवर. धप्प असा आवाज झाला. दुसऱ्यांदा आधी चवडे टेकवले, मग टाचा, गुडघे वाकवत आणि पार्श्वभाग किंचित मागे नेत. आवाज जवळजवळ झालाच नाही. तिने विचारलं, 'बाई, दुसरी पायरी कमी उंच होती का?' तीच पायरी होती.

मग ती स्वतः उतरली. पहिल्या दिवशी मी तिचा हात धरला होता. एक बोट, मग तेही नाही. नियम एकच : खाली आल्यावर पुतळा व्हायचं आणि मनात तीन मोजायचं. तीन मोजेपर्यंत हललीस तर ती उडी धरायची नाही. पुतळा झाल्यावर मी गुडघे बघायचे. मुलींचे गुडघे उतरताना पुष्कळदा आत, एकमेकांकडे वळतात. ते पायाच्या बोटांच्या दिशेने पुढे यायला हवेत. हे 'गुडघे आत घेऊ नकोस' असं सांगून सुधारत नाही, मूल गोंधळतं. 'गुडघ्यांनी बोटांकडे बघायचं' म्हटलं की सुधारतं. आणि नजर समोर ठेवायची. पायांकडे बघितलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागून सगळं अंग जातं. तुमची लेक तोंडावर पडली ती बहुतेक अशीच पडली असावी.

दोन आठवडे आम्ही तेवढंच केलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी मैदानात जरा लवकर पोचले. ती वाळूच्या खड्ड्यापाशी एकटीच होती. पांढऱ्या फळीवरून उडी मारत होती, वाळूत पुतळा होत होती, ओठ हलवत तीन मोजत होती आणि परत फळीकडे पळत होती. मी झाडामागे थांबले. ती दमल्यावरच मैदानात गेले.

तुम्ही घरी याच क्रमाने जा. आधी जमिनीवरच चवड्यांवर उभं राहून खाली येणं. मग वीतभर उंचीवरून, अनवाणी किंवा घट्ट बसणाऱ्या बुटांत. नुसते मोजे नकोत, घसरतात. दिवसाला आठ-दहा वेळा पुरे. दमलेल्या पायांनी उतरणं बिघडतं आणि भीती परत येते. 'शाबास, किती उंच!' असं म्हणू नका. 'किती हळू उतरलीस!' म्हणा. २० जुलैपर्यंत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर ती त्या दिवशी सगळ्यांबरोबर फक्त चवड्यांवर उठून खाली येऊ दे. ती रांगेत असणं महत्त्वाचं.

आणि तिला डिक फॉसबरी यांची गोष्ट सांगा. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये या अमेरिकन खेळाडूने आडव्या दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उंच उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकलं. तोवर जग दांडीकडे तोंड करून किंवा पोटावरून जात होतं. पाठीवरून जाण्यात मोठी खुबी आहे : अंग कमानीसारखं वाकतं आणि शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो. मग हे आधी कुणाला का जमलं नाही? कारण आधी खाली वाळू नाहीतर भुसा असायचा. त्यावर मानेवर आणि पाठीवर कोण पडणार? फोमच्या जाड गाद्या आल्या आणि मगच ही उडी शक्य झाली. आज उंच उडीचे जवळजवळ सगळे खेळाडू याच पद्धतीने उडतात. उतरण्याची सोय झाली म्हणून उडी बदलली. तुमच्या मुलीचंही तेच आहे.

प्रश्न : नमस्कार. आमची संस्था २० जुलैला दोनशे माणसांचा सामूहिक उड्यांचा कार्यक्रम करणार आहे. सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे. ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकदम उडतील असं ठरलंय. काय काळजी घ्यावी? आमच्यातला एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो, त्याला काय काम द्यावं?

उत्तर : पहिली काळजी म्हणजे तिसरा मजला सोडा. कृपा करून जमिनीवर या.

माणसं चालतात, बसतात, नाचतात त्याचा भार इमारत सहज पेलते. एका ठेक्यावरच्या उड्यांची गोष्ट वेगळी आहे. उतरताना प्रत्येक माणूस आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने फरशी दाबतो, आणि दोनशे जण ते एकाच क्षणी, परत परत करतात. झोक्याला योग्य वेळी बोटाने ढकलत राहिलं तरी तो उंच जातो. प्रत्येक फरशीचा, प्रत्येक इमारतीचा असा स्वतःचा झोका असतो. ठेका त्याच्याशी जुळला तर थोडक्या माणसांनीही मोठी हालचाल होते. जुलै २०११मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये ३९ मजल्यांची एक इमारत दहा मिनिटं हलत राहिली आणि लोक बाहेर पळाले. भूकंप नव्हता. तपासाअंती तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेवर. तिथे सतरा जण संगीताच्या तालावर जोरदार व्यायाम करत होते. सतरा! तुम्ही दोनशे आहात.

मैदान, माती किंवा दाट गवत निवडा. ओलं गवत नको. गच्ची, सज्जा, पादचारी पूल, लाकडी मंच, बाक यांपैकी काहीही नको. हात पसरले तरी शेजाऱ्याला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. सामूहिक उड्यांत माणसं स्वतःच्या उडीने पडत नाहीत, शेजाऱ्याच्या पावलावर उतरून घोटा मुरगाळून घेतात. खिशातल्या किल्ल्या आणि फोन आधी काढून ठेवायला सांगा. उड्या सलग मिनिटभर नकोत, पाच-पाचच्या तुकड्या करा.

आणि हे आधीच ठरवा : 'एक, दोन, तीन'मधल्या तीनला उडायचं की तीननंतर? हे न ठरवल्यामुळे निम्मी रांग हवेत आणि निम्मी जमिनीवर, असं मी कितीतरी वेळा बघितलं आहे. आवाजाबरोबर हाताचीही खूण द्या, ज्यांना ऐकू येत नाही ते एका क्षणानेही मागे पडणार नाहीत.

त्या मुलाला 'काम' देऊ नका. त्यालाच विचारा. काहींना दोन्ही हातांवर अंग तोलून खुर्चीतून उचलायला आवडतं, ती त्यांची उडी असते. कुणाला चेंडू आपटायला आवडेल, कुणाला यात पडायचंच नसेल. तो म्हणेल तसं.

प्रश्न : ताई, हे कुणाला विचारायची लाज वाटते म्हणून तुम्हाला लिहिते. वय ४३, दोन मुलं. दोरीवरच्या उड्या मारायला घेतल्या की थोडी लघवी होते. मुली म्हणतात, आई, २० तारखेला तूही चल. मी पाय दुखतात असं सांगते.

उत्तर : तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. हे इतक्या बायकांचं दुखणं आहे, आणि इतक्या बायका 'पाय दुखतात' असं सांगतात, की मला हे पत्र छापणं गरजेचं वाटलं. फक्त बाळंतपणानंतरच होतं असंही नाही. ट्रॅम्पोलिनवर सराव करणाऱ्या, मूल न झालेल्या तरुण खेळाडूंनाही हा त्रास होतो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय यांना ती खालून धरते. तुम्ही उतरता तेव्हा पोटातला सगळा भार त्या झोळीवर एकदम येतो. झोळी सैल असेल किंवा वेळेवर आवळली गेली नाही, तर गळती होते. ती बळकट करता येते. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचा असल्यासारखं आत आणि वर खेचा. सहा ते आठ सेकंद धरा, पूर्ण सोडा, तेवढाच वेळ विसावा घ्या. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या, नितंब आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. फरक जाणवायला तीन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा. खोकण्या-शिंकण्याच्या, उडण्याच्या आधी क्षणभर ही झोळी आवळून घ्यायची सवय लावा आणि उडताना श्वास सोडा. त्यानेच अनेकींना बराच आराम पडतो.

व्यायाम बरोबर होतोय का हे एकदा स्त्रियांच्या या दुखण्यांत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. पुष्कळ जणी वर खेचण्याऐवजी खाली ढकलत असतात. खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, लघवीत रक्त असेल, जळजळ होत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

आणि २० तारखेला जा. पॅड लावा, आधी लघवीला जाऊन या, पाच छोट्या उड्या मारा. पाणी मात्र कमी पिऊ नका, त्याने त्रास वाढतो. मुली मोठ्या असतील तर त्यांना खरं सांगा. पुढे कधी त्यांच्यावर हीच वेळ आली तर त्यांना लपवावं लागणार नाही.

प्रश्न : हत्ती उडी मारू शकतो का? घरात पैज लागली आहे.

उत्तर : मोठा हत्ती नाही. तो जोरात निघाला तरी त्याचा एक तरी पाय जमिनीला टेकलेला असतो. एवढ्या वजनाला उतरणं झेपणार नाही अशी त्याच्या पायांची ठेवण आहे : खांबासारखे सरळ, भार पेलणारे.

पैज संपली, पण मुलांना दुसरं टोकही दाखवा. झाडांचा रस शोषणारा जेमतेम सहा मिलिमीटरचा एक किडा असतो, पानांवर थुंकीसारखा फेस दिसतो तो त्याच्या पिलांचा. तो ७० सेंटीमीटर उंच उडतो. आणि त्याच्याच नातलगांतल्या एका किड्याच्या पिलांच्या मागच्या पायांत चक्क दातेरी चाकं असतात, घड्याळातल्यासारखी एकमेकांत अडकणारी. दोन्ही पाय एकाच क्षणी सुटावेत म्हणून. २०१३मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ती दाखवली तेव्हा मी ते चित्र वर्गाच्या फळ्यावर मोठं करून काढलं होतं. माणसाने यंत्रांत दातेरी चाकं बसवली त्याच्या कितीतरी आधीपासून ती त्या पायांत आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा. नात सहा वर्षांची. तिला वचन देऊन बसलोय की २० जुलैला आपण दोघं मिळून उडी मारू. बायको म्हणते, हाडं मोडून घ्याल. उडी मारू का?

उत्तर : दादा, वहिनींच्या भीतीत तथ्य आहे आणि तुमच्या वचनातही. दोन्ही राखता येतील.

हाडाला धक्का लागतो तेव्हाच हाड स्वतःला घट्ट करतं. धक्का गेला की ते विरळ होऊ लागतं. अंतराळवीर महिनोन्महिने अधांतरी असतात, तेव्हा त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. ते रोज व्यायाम करतात, तरी ही लढाई चालूच राहते. म्हणून वय झालं की धक्का टाळत जावं हा सल्ला मला सरसकट पटत नाही. पण आधी डॉक्टरांना भेटा. हाडांची घनता मोजून घ्या. हाडं ठिसूळ निघाली, मणक्याला पूर्वी इजा झाली असेल, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, चक्कर येत असेल, तर दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत.

मी ४९ वर्षांची असताना माझा घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर पाय दुसऱ्याचाच वाटायचा. त्यावर भार टाकायला मला तीन महिने लागले आणि पहिली उडी मारायला आठ. ती उडी म्हणजे काय, पायाखालून जेमतेम वर्तमानपत्राची घडी सरकली असती. उतरताना मी कान देऊन ऐकलं. उजवा पाय नीट टेकला, डावा धप्प. पुढचा महिना मी फक्त त्या डाव्या पायाचा आवाज कमी करण्यात घालवला. तेव्हा जे केलं तेच तुम्हाला सांगते.

भक्कम, न सरकणाऱ्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवा. बूट घाला. चवड्यांवर उठा, क्षणभर थांबा आणि टाचा खाली सोडा, सावकाश. आठवडाभर हेच, दिवसाला दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात टाचा जरा मोकळ्या सोडा, इतक्या की नडगीत हलका धक्का जाणवेल. दुखलं तर पहिल्या आठवड्याकडे परत. डॉक्टरांनी मुभा दिली असेल आणि दोन आठवडे काही दुखलं नसेल, तर तिसऱ्या आठवड्यात हात खुर्चीवरच ठेवून, जमिनीपासून दोन बोटं वर. एका वेळी पाच, मध्ये दम घेत. त्या दिवशी नातीलाही खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभं करा, तिचे हात तुमच्या हातांवर. आणि तिला आधीच सांगून ठेवा की तीनला उडायचंय, तीननंतर नाही.